तिसऱ्या लाइनीचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. पण छातीवर मिरवायचा नव्हे. कोणी शर्यत जिंकली म्हणून मला कोणाच्या गळ्यात घातले नाही. मी एका कारखान्यातल्या तिसऱ्या लाइनीचा बिल्ला आहे. मला गळ्यात घातल्याशिवाय त्या लाइनीवरच्या कोणत्याही बाईला लघवीला जाता येत नसे. लगेच नाक मुरडू नका. पुढे त्यासाठी पुष्कळ जागा येणार आहेत.

माझा जन्म कारखान्याच्या सुताराच्या हातून झाला. मोठ्या साहेबांच्या टेबलाला नवा लाल सनमायका लावला, तेव्हा त्यातला एक तुकडा उरला. सुताराने तो तळहाताएवढा कापला, प्लायवर चिकटवला, कडा घासून गुळगुळीत केल्या, एक भोक पाडले आणि पांढऱ्या रंगाने माझ्या पोटावर तीनचा आकडा काढला. मग भोकातून निळी नायलॉनची दोरी ओवली. "बाईमाणसाच्या गळ्यात जायचंय, टोचायला नको," असे तो स्वतःशीच पुटपुटला. त्यानंतर बरीच वर्षे इतका साधा चांगला शब्द माझ्या कानांवर पडला नाही.

त्या दिवशी मात्र मी हरखून गेलो होतो. मला वाटले, मी एखाद्या महत्त्वाच्या कुलपाच्या किल्लीला लागणार, किंवा चांगल्या कामाबद्दल कोणाला तरी मिळणार. मला लाइनीजवळच्या खांबावर एका खुंटीला टांगले, आणि तासाभरात माझा सगळा भ्रम फिटला.

आमच्या कारखान्यात परदेशी मोटारींच्या पोटात बसवायच्या वायरींच्या जुड्या बांधल्या जात. खिळे ठोकलेल्या मोठमोठ्या फळ्या पट्ट्यावरून हळूहळू सरकत. दोन्ही बाजूंना बायका उभ्या. खिळ्यांमधून लाल, पिवळ्या, काळ्या वायरी न्यायच्या, त्यांवर टेप गुंडाळायची, टोकाला चिमटे बसवायचे आणि फळी पुढे जाऊ द्यायची. फळी कोणासाठी थांबत नसे. अख्ख्या लाइनीला बिल्ला एकच, म्हणजे मी. एक बाई गेली की ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी कळ काढायची.

मला द्यायचे की नाही हे लाइनीचा सुपरवायझर ठरवी. त्याच्या गळ्यात कायम एक शिट्टी असे आणि कोणी मागे पडली की तो ती फुंके. म्हणून बायकांनी त्याचे नावच शिट्टी ठेवले होते.

"साहेब, बिल्ला."

"आत्ताच तर चहाची सुट्टी झाली."

"तेव्हा रांग होती, साहेब."

"मग घरून उरकून यायचं. घरी काय करता? दिवसभर आत-बाहेर?"

हे तो मोठ्याने बोले, अर्ध्या लाइनीला ऐकू जाईल असे, आणि मग स्वतःच हसे. बाई मान खाली घालून उभी राही. तिच्या मुलाच्या वयाचा माणूस तिला असे विचारतो आहे आणि तिला उत्तर द्यावे लागते आहे, हे मी रोज पाहत होतो. मित्रांनो, मला त्याची शिसारी येई. लाकडालाही शिसारी येते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

शिट्टीला माझीही किळस वाटे. माझी दोरी किती गळ्यांच्या घामाने भिजली होती, किती टेपांचा डिंक तिला लागला होता! ती कधी कोणी धुतली नाही. निळी दोरी काळी पडली, कडक झाली. तो मला हाताने कधीच उचलत नसे. पेनाच्या टोकाला अडकवून तो मला पुढे करी, आणि नंतर ते पेन रुमालाने पुसून घेई.

बायकांनी यावर उपाय शोधला. त्यांनी पाणी पिणेच सोडले. सकाळी घरून निघताना चूळ भरायची, बस्स. उन्हाळ्यात पत्रा तापला की ओठ सुकून फाटत, पण कोणी ग्लासाला हात लावत नसे. मग कोणाला जळजळ, कोणाला ताप, कोणाच्या कंबरेत कळा. कंपनीचा डॉक्टर सगळ्यांना एकाच रंगाच्या गोळ्या देई आणि वर म्हणे, "तुम्ही बायका पाणीच पीत नाही." कँटीनच्या भिंतीवर एक चित्र होते. त्यात एक हसरा थेंब सांगत होता, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.' तो कागद ज्याने लावला त्याला एकदा भेटावे, अशी माझी फार इच्छा होती.

आता तुम्ही विचाराल, तुझे कधी कौतुक झालेच नाही का? झाले ना. वर्षातून एकदा मोटारी बनवणाऱ्या बड्या परदेशी गिऱ्हाइकाचे तपासनीस यायचे. त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या लाइनींचे बिल्ले टेबलाच्या खणात जात. संडासात साबण येई, टॉवेल येई, कुंडीत एक झाडही येई. तपासनीस पांढऱ्याशुभ्र फरशांचे फोटो काढत आणि एचआरच्या साहेबांची पाठ थोपटत. "आमच्याकडे सगळी मोकळीक आहे," असे साहेब सांगत. मी अंधाऱ्या खणात पडून ते ऐके. तपासनिसांची गाडी गेटबाहेर पडली की साबण काढून घेत आणि मला खुंटीला लावत. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात हे मला ठाऊक होते. पण इथे दाखवायचे दात भाड्याने आणलेले होते.

माझ्या खांबाजवळच्या फळीवर दोघी जणी काम करत. एक होती भिंगरी. तिचे हात असे फिरत की टेप गुंडाळताना बोटे दिसत नसत, म्हणून ते नाव. तिच्या शेजारी तिची नणंद उभी असे. तिला सगळे धाकटी म्हणत. वयाने लहान असली तरी भिंगरी तिला थट्टेने 'वन्सं' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. धाकटी भित्री. शिट्टी वाजली की तिच्या हातातून चिमटे गळून पडत. पलीकडे उभ्या असत त्या काकू. त्या कारखान्यातल्या सर्वांत जुन्या, आणि निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले.

त्या दिवशी काकूंनी मला दोनदा मागितले. पहिल्यांदा मी दुसऱ्या एका बाईच्या गळ्यात होतो. दुसऱ्यांदा मी खुंटीवरच होतो. शिट्टी म्हणाला, "माल आज जायचाय. जेवणाच्या सुट्टीत बघू." काकू फळीकडे वळल्या. थोड्या वेळाने त्यांच्या पायांखालची फरशी ओली झाली. काकू टेप गुंडाळत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण हात थांबवले नाहीत, कारण फळी पुढे चालली होती. शिट्टीने ते पाहिले आणि नाकाला रुमाल लावला. "झाडूवाल्याला बोलवा," तो म्हणाला, "आणि कोणी पट्टा थांबवायचा नाही."

भिंगरीने पट्टा थांबवला नाही. ती फळी सोडून खाली बसली, स्वतःच्या ओढणीने तिने ती फरशी पुसली, काकूंचे पाय पुसले आणि पुन्हा उभी राहिली. तेवढ्या वेळात तिची फळी धाकटीने सांभाळली, तीही एक चूक न करता. काकू दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. पुढेही कधी आल्या नाहीत. कंपनीने म्हटले, त्या स्वतःहून सोडून गेल्या.

सुट्टीच्या दिवशी भिंगरी कामगार कार्यालयात गेली. आपल्या कारखान्यात युनियन काढायची तर काय करावे लागते, हे तिला विचारायचे होते. दुसऱ्या दिवशी फळीवर आल्यावर ओठ फारसे न हलवता ती धाकटीला म्हणाली, "वन्सं, आपल्याला युनियन आहे."

"कुणाला?"

"आपल्याला. तुम्हाला, मला, सगळ्यांना. वर्गणीसुद्धा भरतो आपण. पगारातून परस्पर कापतात."

"थट्टा नको ना, वहिनी. माझी टेप तिरकी जातेय."

"थट्टा नाही. कारखान्याला छप्पर नव्हतं तेव्हाच करार झालाय."

मुलगी जन्माला यायच्या आधीच तिचे लग्न लावून मोकळे झाले होते! एकही बाई कामावर लागली नव्हती, तेव्हा बायकांच्या वतीने कोणीतरी सही ठोकली होती, की या बायकांची कसलीच मागणी नाही. त्या 'आपल्या' युनियनचे अध्यक्ष वर्षातून एकदा मोठ्या गाडीतून येत आणि साहेबांबरोबर जेवून जात. बायका इतकी वर्षे त्यांना कोणी गिऱ्हाईक समजत होत्या. आता त्यांनी त्यांचे नाव पाहुणा ठेवले. साहेबांचा मला राग येई. पण या माणसाचा तिटकारा आला. साहेब निदान आपण साहेब आहोत असे सांगत होते. हा आमचा म्हणवून घेऊन आम्हालाच खात होता. कुंपणच शेत खात होते म्हणा ना.

कार्यालयातल्या कारकुनाने भिंगरीला एक वाट सांगितली होती. बायकांनी आपली वेगळी युनियन नोंदवायची आणि मतदान मागायचे. ज्या युनियनला जास्त मते, तिने बायकांच्या वतीने बोलायचे. युनियन नोंदवायला पुरेशा सह्या भिंगरीने तिच्या गल्लीत राहणाऱ्या बायकांकडून घेतल्या. पण मतदानात बाकीच्यांचे काय? लाइनीवर बोलता येत नसे. डोक्यावर कॅमेरे. बसमध्ये कंपनीची माणसे. कॅमेरा नसलेली जागा एकच, आणि तिथे एका वेळी एकच बाई जाणार, कारण बिल्ला एक. एकमेकींना कळावे कसे, की आपण एकट्या नाही?

हे भिंगरीच्या हातांनी सोडवले. एकदा संडासात तिने माझी दोरी हातात घेतली आणि तिला एक घट्ट गाठ मारली. परत येताना ती पुढच्या बाईला हळूच म्हणाली, "पटत असेल तर आपली गाठ मार. नाही पटलं तर राहू दे." बस्स, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाठ पडली. मग तिसरी. काहीजणी मला गळ्यात घालून जात, दोरी बोटांनी चाचपत आणि तशाच परत येत. मग दोन दिवसांनी त्यांचीही गाठ पडे. दोरी आखूड होत चालली, मी आधी पोटापर्यंत लोंबायचो, तो आता छातीच्या वर आलो. शिट्टीच्या ते लक्षात आले नाही. येणार कसे? त्या दोरीची त्याला किळस होती ना! तो मला पेनाने उचले आणि तोंड दुसरीकडे फिरवी.

धाकटीने मात्र गाठ मारली नव्हती. ती मला घेऊन जाई, दोरीला हातही न लावता परत येई. कारण तिला एचआरच्या साहेबांनी बोलावून घेतले होते. मतदान मंजूर झाले होते आणि साहेबांना लाइनीवर एक आपली बाई हवी होती. धाकटीने सर्वांत आधी जाऊन पाहुण्याच्या युनियनचे नाव घ्यायचे आणि लाइनीवर परत येऊन ते सांगायचे, म्हणजे मागच्यांना दिशा कळेल. त्या बदल्यात तिला लाइन लीडर करणार. लाइन लीडरला बसायला स्टूल मिळे, आणि ऑफिसच्या बाथरूमची किल्ली मिळे. आयुष्यभर कधीही, कोणालाही न विचारता! मित्रांनो, लाच म्हणून सोने देतात, नाणे देतात असे तुम्ही ऐकले असेल. आमच्या कारखान्यात बाईला तिचीच लघवी लाच म्हणून देऊ केली. आता नाक मुरडायला हरकत नाही.

"मग घ्या की किल्ली," धाकटीने हे सांगितल्यावर भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी काही बोलणार नाही. घरात एकीला तरी सुख."

"तू बोल ना काहीतरी, वहिनी. तू रागावलीस तर मला सोपं जाईल."

भिंगरी रागावली नाही. तिला वेळही मिळाला नाही, कारण मतदानाच्या आठवडाभर आधी तिला कामावरून निलंबित केले. आरोप असा की तिने बिल्ला अर्धा तास वापरला. चौकशीच्या टेबलावर मला पुरावा म्हणून ठेवले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला तोंड असते तर मी तिथेच सगळे ओकलो असतो. "अर्धा तास?" भिंगरी म्हणाली. "अर्धा तास मिळाला असता तर मी तिथे झोप काढली असती, साहेब." तिला गेटबाहेर काढले. त्या दिवसापासून ती रोज गेटसमोर रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहू लागली.

मतदानाच्या दिवशी एचआरच्या साहेबांनी एक शक्कल लढवली. बायकांना घोळक्याने कँटीनमध्ये आणले तर एकमेकींकडे बघून धीर येईल. म्हणून एकेकीनेच यायचे, आणि लाइन सोडायची तर नियम आहेच: गळ्यात बिल्ला घालून यायचे. मत तोंडी द्यायचे, टेबलासमोर उभे राहून. टेबलामागे मोठे साहेब, एचआरचे साहेब, पाहुणा आणि एक सरकारी अधिकारी. हा अधिकारी सारखा फोनमध्ये डोके घालून बसला होता.

पहिली धाकटी. शिट्टीने मला पेनावर उचलून तिच्यापुढे धरले. तिने मला गळ्यात घातले. कँटीनपर्यंत जाताना तिचे काळीज इतके धडधडत होते की मी तिच्या गळ्याखाली हलत होतो.

"या ताई," एचआरचे साहेब गोड आवाजात म्हणाले. "घाबरू नका. सांगा, कोणती युनियन?"

धाकटी टेबलापासून एक पाऊल मागे सरली.

"आपलं बोलणं झालंय ना? सांगा."

"साहेब, आधी मी जाऊन येते."

"कुठे?"

धाकटीने मला हाताने उचलून धरले. "हा कशाचा बिल्ला आहे, साहेब? तिथे."

अधिकाऱ्याने पहिल्यांदा फोनमधून मान वर काढली. "हे काय आहे?" त्याने विचारले. पाहुण्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

संडासात जाऊन धाकटीने कडी लावली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने माझी दोरी हातात घेतली. एकेक गाठ ती बोटांनी चाचपत गेली, अगदी सावकाश. कुठली कोणाची हे तिला ओळखू येत होते की काय, कोण जाणे. काही गाठी बारीक, काही ढोबळ, एक तर इतकी घट्ट की दोरी तिथे पांढरी पडली होती. तिच्या गळ्यात अर्ध्याहून अधिक लाइन होती. ती रडली. मग डोळे पुसले आणि राहिलेल्या दोरीला आपली गाठ मारली. तिच्या हाताला सवय नव्हती, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

परत येऊन ती टेबलासमोर उभी राहिली. "वहिनीची," ती म्हणाली.

"असं चालत नाही. नाव घ्या," एचआरचे साहेब म्हणाले. आता आवाजात गोडवा नव्हता.

"तुमच्या कागदावर दोन नंबरला लिहिलीय ती. आमची. बायकांची."

त्यानंतर प्रत्येक बाई एकटीच आली, जशी साहेबांना हवी होती तशी. पण प्रत्येकीच्या गळ्यात मी होतो, आणि माझ्या दोरीवर तिच्या मैत्रिणी होत्या. उभी राहिली की तिचा हात आपोआप दोरीकडे जाई. बाकीच्या लाइनींवर काय होईल याची मला धास्ती होती. पण आमच्या लाइनीची बातमी कर्णोपकर्णी तिथे पोहोचली. संध्याकाळी निकाल लागला. पाहुणा न जेवताच गेला.

भिंगरीला परत घ्यावे लागले. ती फळीवर आली तेव्हा शिट्टीने शिट्टी वाजवली नाही. दुपारी तिला जायचे होते, तेव्हा ती सरळ चालत गेली. माझ्याकडे पाहिलेही नाही. मग दुसरी गेली, तिसरी गेली. मी खुंटीवर लटकत राहिलो. जुन्या वस्तू सांगतात, की उपेक्षेचे दिवस फार वाईट असतात, धूळ खात पडावे लागते, डोळे भरून येतात. मला तर ते दिवस सोन्यासारखे गेले. मी धूळ खाल्ली आणि ती मला गोड लागली. बायकांच्या फळ्यांजवळ पाण्याच्या बाटल्या दिसू लागल्या.

पण मित्रांनो, ज्यांच्याकडे माल एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याची जहाजे असतात, त्यांना कारखानाही नेता येतो. भिंतीवर एक कागद लागला. 'मागणी घटल्यामुळे तिसरी लाइन बंद करण्यात येत आहे.' मागणी घटली नव्हती. एचआरचे साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते, "तिकडचे कामगार शांत आहेत." फळ्या उतरवल्या, पट्टा सोडवला, सगळे लाकडी खोक्यांत भरले. शेवटी शिट्टी माझ्यापाशी आला. त्याने रबरी हातमोजे घातले होते. त्याने माझी दोरी कात्रीने कापली, कचऱ्यात टाकली, आणि मला ओल्या फडक्याने पुसले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच पुसले, तेही तिकडे पाठवायला. "हा राहू दे. तिकडे लागेल," असे म्हणून त्याने मला खोक्यात टाकले.

आता मी त्याच खोक्यात आहे, आणि खोके ट्रकमध्ये आहे. ट्रक गेटमधून बाहेर पडू शकलेला नाही, कारण गेटसमोर रस्त्यावर बायका बसल्या आहेत. 'आधी आमच्याशी बोला, मग लाइन न्या,' एवढेच त्यांचे म्हणणे आहे. फळ्यांच्या फटीतून मला त्यांचे आवाज ऐकू येतात. पोलीस आले होते, ते पुन्हा येणार आहेत. कदाचित उद्या ट्रक निघेल. मग जिथली भाषा मला कळत नाही अशा गावात मला नवी दोरी लागेल आणि नवा गळा मिळेल. या विचाराने माझ्या सनमायक्याला कापरे भरते.

वस्तू आपली कहाणी संपवताना मुलांना सांगतात, की आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी तसे सांगणार नाही. काही वस्तूंची निगा राखायची नसते. तुम्ही मोठे झाल्यावर कुठे साहेब झालात आणि मी एखाद्या खुंटीवर दिसलो, तर मला चुलीत घाला. आणि तुम्ही फळीवर उभे असलात तर शेजारच्या फळीकडे बघा. निगा तिची राखा.

आत्ताच ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. सकाळपासून बिचारा आत अडकून बसला होता. बायकांच्या रांगेपाशी जाऊन तो अवघडून उभा राहिला.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला, "मला जरा... लघवीला जायचं होतं. जाऊ का?"

मग धाकटीचा आवाज आला. ती आता घाबरत नाही.

"तो समोर पेट्रोल पंप आहे ना, त्याच्या मागे आहे. जा की, दादा. ह्यात विचारायचं काय?"

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.